वॉल्टरच्या रायफलीचा आकडा

मंडळी, एक सल्ला हवा आहे, आणि तो उद्या सकाळच्या आत.

आमच्या शेजारी वॉल्टर म्हणून एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे वारलेल्या भावाची रायफल आहे. फार वर्षांपूर्वी इथल्याच एका कारागिराने तिच्यासाठी स्वतःच्या मापाचं काडतूस तयार केलं. कुठल्याच कंपनीने ते कधी बनवलं नाही, त्यामुळे ते घरीच भरावं लागतं, आणि त्यात पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, किती भरायची हे एकाही पुस्तकात नाही. कारागीरही आता हयात नाही. वॉल्टरना मात्र यंदा हरणांच्या शिकारीच्या सीझनला तीच रायफल न्यायची आहे.

“तू इंजिनिअर ना? मग इंटरनेटवरून काढून दे,” असं ते मला म्हणाले होते.

आज इंटरनेटवरच्या एका फोरमवर त्याच काडतुसाचा आकडा सापडला. लिहिणारा म्हणतो, “माझे वडील एवढीच भरायचे, कधी काही झालं नाही.”

मी नोकरीत इंजिनातला दाब मोजते. ‘कधी काही झालं नाही’ हे मोजमाप नव्हे. पावडर जास्त झाली तर रायफल चेहऱ्याजवळ फुटू शकते.

म्हणून संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, “काही सापडलं नाही. ती वापरू नका.”

“असू दे, पोरी. अंदाजाने भरतो,” ते हसून म्हणाले. “भाऊ मला म्हणायचा, तुझा हात जड आहे, नेहमी जास्तच पडते. उद्या नेमबाजीच्या रेंजवर बघूच.”

आत्ता त्यांच्या गॅरेजमध्ये दिवा लागलेला दिसतोय. आकडा दिला आणि काही झालं, तर तो मी दिलेला असेल. नाही दिला, तर त्यांचा जड हात आहेच. दार वाजवून मी नेमकं काय सांगू?