बासिलियाचा बर्फ

थुत्! त्या फ्रीजचं नाव काढलं की अजून माझं तोंड कडू होतं.

आमच्या डोंगरातल्या काल्यापात गावात दवाखाना म्हणजे बासिलिया. तालुक्याला आठ महिने नर्सिंग शिकली, आणि पुढं बावीस वर्षं लसीचा डबा पाठीवर बांधून तालुक्याहून खिंडीतून सात तास चालत यायची. डब्यातला बर्फ टिकला तर लस टिकली. तीन वर्षांपूर्वी पुरात पूल गेला, वाट लांबली, बर्फाचं पाणी झालं. ती लस तिनं स्वतःच्या हातानं फेकली. त्या हिवाळ्यात गोवरानं तीन पोरं नेली, त्यात माझी नात. मी तिला शब्दानं बोलले नाही, पण माझ्या दारासमोरून ती मान खाली घालून जायची.

मग एकदाचा नवा दवाखाना बांधला. उद्घाटनाला आरोग्य खात्याचे साहेब आले, फोटोवाला आला, एरवी गाडी न दिसणाऱ्या घाटरस्त्यानं ट्रकमधून पांढराशुभ्र फ्रीज आला. बासिलिया त्यावरून हात फिरवत राहिली. फीत कापली, आमच्याच कोकरावर ताव मारला आणि ढेकर देत साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "चल रे, फ्रीज चढव. चारला पुढच्या गावात फीत आहे."

शिसारी आली मला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मेले!

 बासिलियानं बिअरची बाटली उचलली, फ्रीजच्या चारी कोपऱ्यांवर शिंपडली, उरलेली जमिनीला पाजली, वर रंगीत कागदाच्या माळा घातल्या. "धरणीमाय, तुझ्यासमोर हा आमचा झाला."

ड्रायव्हर तेओदोरो पलीकडच्या खोऱ्यातला, आमच्यातलाच. त्यानं टोपी काढली. "साहेब, मी ह्याला हात लावणार नाही."

"अरे, बिअर सांडली म्हणून फ्रीज हिचा होतो होय?"

"धरणीमाय प्यायलीय त्याच्या नावानं, आता परत नेला तर ती कोपेल. तुम्हीच चढवा, तुम्हीच चालवा. घाटात गाडी गेली तर माझ्या बायकोला तुम्ही पोसणार का?"

साहेबांनी घाटाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं गाडीत जाऊन बसले. सगळं गाव खिदळलं.

संध्याकाळी बासिलियानं वायर लावली. आवाज नाही. मागचा पत्रा काढला तर आत मोटारच नाही! नुसता पोकळ खोका आणि उंदरांच्या लेंड्या. अशा खोक्यावर किती गावांत टाळ्या वाजवून घेतल्या असतील ह्यांनी!

"असू दे काकू," ती मला म्हणाली. "पाय आहेत अजून माझे."

पुढच्या महिन्यात तालुक्याला मीही तिच्यासोबत गेले. कारकुनानं लस दिली, बर्फ दिला नाही.

"तुमच्या गावाला फ्रीज मिळालाय. ही बघा साहेबांची सही. आता बर्फ बंद."

"तो पोकळ आहे हो भाऊ! आणि वाटेतले सात तास?" बासिलियानं विचारलं.

"तसं साहेबांकडून लिहून आणा," म्हणाला आणि दात कोरत बसला. त्याच्या टेबलावर ओकावंसं वाटलं मला.

बासिलिया सरळ बाजारात गेली, बर्फाच्या गोळेवाल्यासमोर डबा उघडून उभी राहिली. सगळं ऐकून त्यानं अर्धी लादी फोडून डब्यात भरली. "जा बाई, पळा. आज गोळे नाहीत म्हणून सांगतो."

पळालोच आम्ही. खिंडीत माझे गुडघे गेले, तरी ती थांबली नाही आणि मीही थांब म्हटलं नाही. गावात पोचलो तेव्हा अंड्याएवढा बर्फ उरला होता. दवाखान्यात न जाता ती थेट माझ्या दारात आली.

"काकू, धाकट्या नातवाला आणा. पहिली सुई त्याला."

मान वर होती तिची.