दादाच्या हातचं पाणी

दादा गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही. ती इतरांना कळवायचं काम माझ्याकडंच होतं. पहिला फोन औशाला लावला, बळीरामभाऊंना. लातूरच्या कचेरीत दादाच्या शेजारच्या टेबलावर ज्यांची उभी नोकरी गेली, ते बळीराम पाटील.  त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, जाताना पाणी घेतलं का गं त्यानं?" मी "हो" म्हणाले... खरं असं की त्या दुपारी दादानं रिकामा पेला माझ्यापुढं केला होता आणि मी म्हणाले होते, "संध्याकाळचं संध्याकाळी." संध्याकाळ व्हायच्या आतच तो गेला.

पाणी आणि दादा हे नातं फार जुनं. आम्ही रेणापूरजवळच्या एका खेड्यातले, धम्म घेतलेल्या घरातले. आमचे बाबा गावच्या विहिरीवर ओंजळ धरून बसायचे आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं. दादानं लहानपणी ते पाहिलेलं. पुढं लातूर नवा जिल्हा झाला आणि दादाला तिथं कारकुनी मिळाली. भाड्याची इमारत, खुर्च्या यायच्या बाकी, फायली सतरंजीवर. उन्हाळ्याचे दिवस म्हणून दादानं स्वतःच्या पैशानं एक माठ आणला, रोज सकाळी भरायचा. मंडळी कामाला यायची, हसून बोलायची आणि तहान लागली की समोरच्या हॉटेलात जायची. माठ भरलेला तसाच. एके दिवशी बळीरामभाऊ एस.टी.नं घामाघूम होऊन आले आणि दारातूनच ओरडले, "मिलिंदा, दे की पाणी! का नुसता माठ सजवून ठेवलायस?" घटाघटा पेला संपवला, मिशी पुसली. "गार हाय. आणिक दे." ही गोष्ट दादानं मला किती वेळा सांगितली असेल! सांगताना "आणिक दे" वर त्याचा आवाज हमखास बदलायचा. तेव्हापासून त्याच्या घरी आलेल्या माणसाला पहिलं पाणी तो स्वतः द्यायचा. वहिनींना सुद्धा देऊ द्यायचा नाही.

साखर निघाली तेव्हा त्यानं ती मनावर घेतली नाही, आणि आम्हीही नाही. गोळ्या चालू आणि लग्नाच्या पंगतीतली बुंदीही चालू. पायाची जखम बरी होईना म्हणून एक बोट काढावं लागलं, मग छातीत दुखलं, स्टेंट बसली, आणि शेवटी मूत्रपिंडांनी हात टेकले. डायलिसिस सुरू झालं त्याच सुमाराला लातूरला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली. त्या मशीनला पिंपंच्या पिंपं पाणी लागतं. जिथं दादा जायचा तिथले लोक म्हणायला लागले, टँकर आला तर या. वहिनी आधीच गेलेल्या, मुलगा पुण्याला. मी शाळेत रजा टाकली आणि त्याला माझ्या घरी नांदेडला घेऊन आले. गोदावरीच्या गावाला नेते, अशी फुशारकीही मारली.

आणि इथं आणून त्याचं पाणी तोडलं. तोडावंच लागतं. लघवी जवळजवळ थांबलेली. जास्त पाणी गेलं की अंगावर सूज, धाप, छातीवर भार. वाट्याचं पाणी मी सकाळीच काढून ठेवायची. फारच जीव कासावीस झाला तर जिभेवर बर्फाचा खडा. भेटायला येणारे मायेनं शहाळं आणायचे, मी ते दारातूनच परत करायची; या आजारात शहाळं म्हणजे विष, हे कुणाला पटायचं नाही. दादा टोमणे मारायचा, "लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मला मात्र ह्या जमादारणीच्या चमच्यानं यायलंय." मी हसायची नाही. हसले तर पेला भरून द्यावा लागेल, अशी भीती वाटायची.

चूक झाली ती पुढंच. पाहुणा पाणी प्यायला लागला की दादाची नजर त्याच्या गळ्यावर खिळायची. मला ते बघवेना. म्हणून पाहुण्यांना मी बैठकीत पाणी देणंच बंद केलं. बायका आल्या की स्वयंपाकघरात बोलावून द्यायची. भर मे महिन्यात बळीरामभाऊ आले तेव्हा मी त्यांनाही आत यायची खूण केली. परक्या घरातल्या स्वयंपाकघरात ते कशाला येतील? त्यांना खूणच कळली नाही. तासभर बसले, कोरड्या ओठांनी बोलले, आणि गेले. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. दादाला ऐकू कमी यायचं म्हणून स्पीकर चालू असायचा. "मिलिंदा, एक इचारू का? तुझ्या बहिणीनं मला पाणी इचारलं न्हाई. पाटील हाय म्हणून मी पिणार न्हाई, आसं वाटलं का तिला... आता, ह्या वयात?"

दादानं फोन ठेवला. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "सुजा, बाबाला वरून ओतायचे तरी. तू ओतलंच न्हाईस."

मी रडत कारण सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "माझी तहान माझ्यापाशी राहू दे. ती पाहुण्याच्या गळ्यात बांधू नको."

त्यानं स्वतः फोन करून बळीरामभाऊंना परत बोलावलं. डाव्या हातात डायलिसिससाठी नस जोडलेली, त्या हातानं वजन उचलायचं नाही. उजव्या हातानं त्यानं काठोकाठ पेला पुढं केला, थोडं पाणी चादरीवर सांडलं. भाऊंनी अर्धा पेला पिऊन उरलेला त्याच्यापुढं धरला. "घे. ताईच्या हिशोबात धर." दोघं म्हातारे माझ्याकडं पोरांसारखे बघायला लागले. मी म्हणाले, "एक घोट." दादानं डोळे मिटून तो घोट घेतला. मग दर भेटीला तसंच. अर्धा पेला भाऊंचा, एक घोट दादाचा.

लोक म्हणतात, भावाची फार सेवा केलीस. औषधोपचारानं त्याला वर्षं मिळाली हे खरंच आहे. नात त्याच्या हातातल्या त्या घरघरणाऱ्या नसेला कान लावून "आजोबांच्या हातात गिरणी चालते" म्हणायची, ते सुख त्याला मिळालं. डॉक्टरही म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही. पण त्या वर्षांत मी त्याच्याशी गप्पा किती मारल्या आणि नाही किती वेळा म्हणाले, याचा हिशोब काही जुळत नाही. बहीण म्हणून त्याच्याजवळ बसायचं राहूनच गेलं... मी राखणच करत बसले.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर काही दिवसांनी बळीरामभाऊ आले. मी बैठकीत पाणी आणलं, त्यांच्या हातात दिलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "भाऊ, त्या दिवशी मी हो म्हणाले ते खोटं होतं. त्यानं मागितलं होतं. मी दिलं नाही." ते सावकाश अर्धं पाणी प्याले, आणि सवयीनं त्यांचा हात दादाच्या रिकाम्या खाटेकडं गेला. तिथंच थांबला. मग त्यांनी पेला खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला. "ऱ्हाऊ दे हितं," म्हणाले. "लागलं तर घेईल त्यो."

तो पेला मी उचललेला नाही. उन्हाळा आहे. त्यातलं पाणी रोज थोडं थोडं कमी होतंय... मी मोजत नाही.