बत्तीशीकाकांचं सर्वांत लहान गिऱ्हाईक

बत्तीशीकाका आणि संगीतकार पहिल्यांदा भेटले तेव्हा आभाळ फाटलं नाही की धरणी दुभंगली नाही. संगीतकाराचा जबडा मात्र निखळता निखळता राहिला.

प्रसारण केंद्राच्या स्टुडिओत तो सकाळपासून मुलांची गाणी ऐकत बसला होता. मुलांच्या आंतरराष्ट्रीय गायन स्पर्धेला देशातर्फे कोणाला पाठवायचं हे त्याला ठरवायचं होतं. एवढ्यात दार उघडलं. आधी एक पोट आत आलं, पोटामागून काका आले आणि काकांचा कोट धरून एक सात वर्षांची मुलगी आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. काकांनी टेबलाला वळसा घातला, संगीतकाराची हनुवटी दोन बोटांत पकडली आणि तोंड खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं.

"उजवीकडची वरची दाढ. झोपेत दात खाता. बायको ओरडत असेल."

"मी संगीतकार आहे हो!" संगीतकार कसाबसा म्हणाला. तोंड परक्याच्या ताब्यात असताना माणूस याहून जास्त काय बोलणार?

"असाल. त्याला माझी हरकत नाही. पण दाढ दाखवून घ्या. ही माझी नात. लेकीची लेक. हिला गायचंय."

नात गायली. खिडकीवरची कबुतरं उडाली ती म्हणे अजून परतलेली नाहीत. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने कानावरचे हेडफोन काढले आणि घरचं कुत्रं चावल्यासारखं त्यांच्याकडे बघितलं. पण आवाज असा सुरेल, असा स्वच्छ, की संगीतकार दाढ विसरला.

"हिला भोंगा म्हणतात," काका अभिमानाने म्हणाले.

भोंग्याचा भोंगा कसा झाला हे कळायला काकांचं दुकान बघायला हवं. काका कवळ्या करत. वडिलांपासूनचा धंदा. काचेच्या कपाटात ओळीने कवळ्या मांडलेल्या, सगळ्या एकदम हसणाऱ्या, त्यामुळे दुकानात शिरणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटे. काकांना माणसांची नावं आठवत नसत, चेहरे आठवत नसत, जबडे आठवत. रस्त्यात एखादा हात करून गेला की म्हणत, "कोण बरं हा? जरा हसला असता तर ओळखलं असतं." भोंग्याची आई दिवसभर कामावर, म्हणून पोर आजोबांच्या दुकानात वाढली. गिऱ्हाइकं सगळी सत्तरीच्या पुढची आणि कानाने अधू. तोंडात साचा घट्ट होईपर्यंत त्यांना गप्प बसवायला भोंगा गाणी म्हणे, आणि ती तोंडात साचा ठेवूनच हाताने खुणा करत : मोठ्याने, अजून मोठ्याने! दुसरी मुलं तंबोऱ्यावर शिकतात, ही बहिऱ्यांवर शिकली.

संगीतकाराने तिला निवडलं, कारण त्याच्या गळ्याशी आलं होतं. आपला देश त्या स्पर्धेत दरवर्षी शेवटचा येई. इतक्या नेमाने येई की शेवटचा नंबर आपल्या मालकीचाच आहे असं बाकीचे देश धरून चालत. यंदा केंद्राच्या संचालकबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "पुन्हा शेवटचे आलात तर बालसंगीत विभाग बंद. कुलूप मी स्वतः लावीन." विभाग म्हणजे एक पेटी, एक कपाट आणि संगीतकार. कपाटाला दुसरीकडे जागा मिळाली असती.

गाणं झकास बसलं. शब्द परदेशी आयोजकांकडे रवाना झाले. नियमाप्रमाणे आता त्यात काना-मात्रेचा फरक चालणार नव्हता. आणि निघायला आठवडा राहिला असताना भोंग्याने सफरचंदाचा लचका तोडला आणि वरचे पुढचे दोन्ही दात सफरचंदातच राहिले.

तालमीत संगीतकाराला घाम फुटला. ध्रुवपदात त्याने मोठ्या हौसेने जागोजागी 'स' पेरला होता. आता प्रत्येक 'स'ला किटली उकळल्यासारखी शीळ वाजू लागली. तो धावत काकांच्या दुकानात गेला.

"काका, दोन दात करून द्या."

"पोरांचे दात परत येतात हो. त्यात आम्हा लोकांचं काय काम?"

"स्पर्धेच्या आधी येतील का?"

"दात आहेत ते, पाहुणे नव्हेत. बोलावून येत नाहीत."

"मग करा ना! माझा विभाग जाईल, काका."

काका विरघळले. नातीच्या तोंडाचा छाप घेतला, मेण ओतलं, कानस चालवली, आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी हिरडीवरचे दोन चिमुकले दात तळहातावर ठेवून संगीतकारापुढे धरले. संगीतकाराची दातखीळ बसली. दातांचा आकार मुलीचा होता, पण रंग जन्मभर चहा प्यायलेल्या माणसाच्या दातांचा.

"काका, हे जरा... वयस्कर नाही वाटत?"

"अनुभवी म्हणा. आणि हे बघा, इथे बारीकशी चीर दिलीय. जन्मभर अक्रोड फोडणाऱ्याला असते तशी. हे काम उगाच नाही होत! नवा दात नवा दिसला तर कारागिराची नाचक्की."

"अहो, ती सात वर्षांची आहे!"

काका थबकले. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाचं वय हा प्रश्नच कधी उपस्थित झाला नव्हता. तेवढ्यात भोंग्याने दात बसवून आरशात बघितलं आणि ती आनंदाने चीत्कारली, "आई गं! मी पोस्टातल्या आजींसारखी दिसतेय!"

बरीच रदबदली झाल्यावर काकांनी दात दोन छटा उजळ केले, पण चोरीत साथ दिल्यासारखं तोंड करून. शीळ थांबली. मग काकांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला देत ती शिकवण नातीलाही जशीच्या तशी दिली : बोलण्याआधी आवंढा गिळायचा, जिभेने दात वर दाबायचे, हसताना सबुरीने घ्यायचं, आणि कवळी काढताना तोंडापुढे हात धरायचा, लोकांना दाखवत बसायचं नाही. भोंगा हे सगळं जन्मापासून बघत आली होती. तिला नवं काहीच नव्हतं.

स्पर्धेचा दिवस उजाडला. परदेशातलं भलंमोठं सभागृह, दिव्यांचा लखलखाट, कॅमेरेच कॅमेरे. इतर देशांची मुलं चमचमत, उड्या मारत, गिरक्या घेत गाऊन गेली. मग भोंगा आली आणि मधोमध उभी राहिली. प्रत्येक ओळीआधी ती सावकाश आवंढा गिळे, म्हातारा न्यायाधीश निकाल वाचण्याआधी गिळतो तसा. सभागृह चिडीचूप झालं. पडद्याआड संगीतकाराने काकांचा दंड घट्ट धरला होता. एकही शीळ नाही! शेवटचा, सर्वांत वरचा, लांबच लांब सूर तेवढा उरला.

त्याआधी वाद्यांचा एक छोटा तुकडा होता. तेवढ्या वेळात भोंग्याने मान बाजूला वळवली, तोंडापुढे अदबीने हात धरला, दात काढले, फ्रॉकच्या खिशात टाकले आणि सूर लावला.

काय तो सूर! सूर खाली आणि त्याच्यावर स्वार झालेली शीळ वर, एकाच तोंडातून दोन बायका भांडत असल्यासारखी. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी कान झाकले आणि टाळ्या वाजवायच्या राहू नयेत म्हणून लगेच उघडले.

"काका!" संगीतकाराने त्यांचा दंड गदागदा हलवला. "हे काय केलं हिने?"

"बरोबर केलं की," काका शांतपणे म्हणाले. "महत्त्वाचं काम आलं की कवळी काढून ठेवायची. माझं एकही गिऱ्हाईक जेवताना कवळी घालत नाही. भांडताना तर नाहीच नाही."

"मग घालतात तरी कधी?"

"फोटो काढताना."

लोक उभे राहून हसत होते, टाळ्या पिटत होते, कोणी शिट्ट्या मारून भोंग्याला साथ देत होतं. बोळकं पसरून ती वाकून वाकून नमस्कार करत होती. काका डोळे पुसत म्हणाले, "बघितलंत? काढताना जराही ओढाताण झाली नाही. असं बसलं पाहिजे काम." परीक्षक तेवढे मख्ख बसून कागदावर काहीतरी लिहीत होते. संगीतकाराने मनातल्या मनात कपाट आवरायला घेतलं.

निकाल लागला. आपला देश शेवटून दुसरा आला. शेवटच्या देशाच्या मुलाला कांजिण्या झाल्या होत्या, तो आलाच नव्हता. संचालकबाईंनी नियमावर बोट ठेवून कुलूप परत ड्रॉवरमध्ये टाकलं.

विभाग वाचला. पुढच्या वर्षी ती स्पर्धाच बंद पडली.