मनकर्णाबाईचा अंगठा

उंद्रीत कुणाचं पोट दुखलं की माणूस आधी मनकर्णाबाईकडे जाई, मग डॉक्टरकडे. बेंबी सरकली की नाही, हे ती अंगठ्यानं ओळखायची. सकाळी उपाशीपोटी उताणं निजवायचं, बेंबीत अंगठा रोवायचा आणि डोळे मिटून ठोका शोधायचा. बाजूला लागला तर तेल लावून चोळत चोळत मधोमध आणायचा. अंगठ्यापेक्षा तोंड जास्त चाले. सरपंचाचं पोट चोळताना, यात गावचा कोणता रस्ता गेला, असं तिनं दहा माणसांत विचारलं होतं.

शेषराव आमच्या गावचे देखणे गृहस्थ. सत्तरीतही मिशीला कलप. तरुणपणी ते मनकर्णाबाईला पाहायला गेले, दोनदा पोहे घेतले आणि मुलगी काळी म्हणून नकार कळवला. पुढं ती आमच्याच गावात दुसऱ्या घरी नांदायला आली. आम्हाला जन्माचा विषय मिळाला.

गेल्या दिवाळीनंतर शेषरावांना ताप आला. चिखलीच्या डॉक्टरांनी टायफॉईड सांगून चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि उरलेल्या गोळ्या फडताळात गेल्या. महिन्याभरात पाठ दुखू लागली, संध्याकाळी अंग तापे, पोटात काही उडतंय असं वाटे. बेंबीच ती, दुसरं काय! मुलगा गजेंद्र त्यांना मनकर्णाबाईकडे घेऊन आला. मी ओट्यावर होतोच. असला तमाशा कोण सोडतो?

तिनं अंगठा ठेवला आणि बडबड थांबली. अंगठा थोडा सरकवला. मग चारही बोटं पसरून ठेवली. शेवटी हात काढून घेतला आणि तेलाची वाटी बाजूला सारली.

"मी नाही चोळत. हे बेंबीचं नाही. गजेंद्र, याईले उद्याच संभाजीनगरले ने, मोठ्या दवाखान्यात."

"काऊन?" शेषरावांनी विचारलं.

"ठोका एका बोटाखाली राह्यते. तुमचा चार बोटांत मावून नाही राह्यला."

तिनं कुणाला परत पाठवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मग मी काय केलं? त्याच दुपारी चहाच्या हॉटेलात सांगितलं की, तेव्हा यानं हिला पाहून सोडलं, आता हिनं याला चाचपून सोडलं. लोक लोटपोट हसले. दिवेलागणीच्या आत ते शेषरावांच्या कानावर गेलं. बाईचा जुना राग आहे, त्यासाठी दवाखाना कशाला, असं म्हणून त्यांनी गजेंद्रला गप्प बसवलं.

चौथ्या दिवशी ते दुसरबीडला पोट चोळणाऱ्या एका पहिलवानाकडे गेले. त्यानं मुठीनं दाबून बेंबी बसवली म्हणे. परतताना जीपमध्ये पाठीत कळ आली, घामानं सदरा भिजला, शुद्ध गेली. चिखलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि तसंच पुढं संभाजीनगरला पाठवलं. जालन्याच्या अलीकडेच सारं संपलं.

डॉक्टरांनी गजेंद्रला नंतर समजावलं. तापाचे जंतू रक्तातून पोटातल्या मुख्य धमनीच्या भिंतीत शिरले होते. भिंत सडत गेली, फुग्यासारखी फुगली आणि फुटली. चोळलं नसतं तरी फुटलीच असती. पण चार दिवस आधी आले असते, तर ऑपरेशन करून पाहता आलं असतं. येईल त्या माणसाला गजेंद्र हे सांगत होता. मी त्याच्या शेजारीच बसून येणाऱ्यांना पाणी देत होतो.

तेरवी झाल्यावर मनकर्णाबाईकडे गेलो. ती लसूण सोलत होती. ती गोष्ट मीच उठवली, असं सांगून टाकलं. तिनं मान वर केली नाही.

"मले माहीत होतं, इंद्रभानभाऊ. तुमच्याशिवाय कोण?"

चार पाकळ्या सोलून झाल्या.

"ते दुसरबीडले जाऊन राह्यले, हे मले आदल्या दिवशीच समजलं होतं. चपला घातल्या, दारापर्यंत गेली. म्हटलं, आता मी त्यायच्या घरी जाऊन उभी राह्यली, त लोक अजून हासतीन. चपला काढल्या अन् भाकरी थापाले बसली."