तंबूच्या दांड्या

नवरा गेल्यावर सहा महिन्यांनी मी पुसदकडच्या डोंगरात निघाले. एक रात्र वर पठारावर तंबूत काढायची, इतकंच ठरवलं होतं. जमलं तर पुढेही चालत राहायचं, नाही तर बूट कुणाला तरी देऊन टाकायचे. बावीस वर्षं आम्ही दोघं ही वाट चाललो होतो. त्याच्याशिवाय ती माझी उरते का, हे मला बघायचं होतं. घरच्यांनी वेड्यात काढलं. शेवटी धाकटी नणंद चडफडत सोबत आली. यवतमाळात गल्लीच्या टोकापर्यंत जायलाही हिला ऑटो लागतो.

परतीचा पाऊस अजून गेला नव्हता. सकाळी ऊन, दहाला आभाळ, बाराला पुन्हा ऊन. खाली सोयाबीनची सोंगणी चालू होती, वर सागाच्या पानांवर मधूनच टपटप. नणंद दर चढाला फतकल मारायची.

"वहिनी, अभाय भरून राह्यलं. काहून जिवावर उठल्या?"

"तुले कोनं बलावलं होतं?" मी म्हणाले. खरं तर ती आली म्हणून मला सकाळपासून रडू येत होतं, पण तिला कशाला सांगू?

पठारावर पोचायला चार वाजले. पश्चिमेकडून अंधारून आलं होतं. घाईघाईने सॅक उपडी केली. तंबूचं कापड निघालं, खुंट्या निघाल्या, दोऱ्या निघाल्या. दांड्या नव्हत्या.

कापड माझ्या पाठीवर, दांड्या त्याच्या, अशी आमची वाटणी होती. त्याची सॅक दाराआड टांगलेली आहे. मी तिला हात लावत नाही, कुणाला लावू देत नाही. दांड्या तिच्यातच राहिल्या. मला त्याचा असा राग आला, की समोर असता तर कडाकडा भांडले असते.

"इसरल्या न?" नणंद म्हणाली.

"इसरली नाही वं. मले वाटलं, तो घेऊन येऊन राह्यला."

बोलून गेले आणि मग कळलं, ते खरंच होतं. तो नेहमी वीस-पंचवीस पावलं मागून यायचा. दिवसभर मी तो मागे आहे असं धरूनच चालले होते.

नणंद म्हणाली, "मीबी दोन डाव मांगं पाह्यलं," आणि भोकाड पसरून रडायला लागली. भावाच्या मयतीत ती रडली नव्हती. आल्यागेल्यांच्या चहाचं बघत होती.

थेंब मोठे झाले. तंबूचं कापड डोक्यावर घेऊन दोघी थोडा वेळ बसलो, पण वाऱ्यापुढे ते टिकेना. रात्र काढणं शक्यच नव्हतं. उजेड आहे तोवर खालच्या गावात उतरायचं ठरलं. नणंदेला पुढे घातलं, मी मागे.

एका वळणावर मी थांबले. नणंद खालून हाका मारत होती. मी कुणासाठी थांबलेय ते तिला कळत होतं, मलाही कळत होतं. तरी पाय निघेना.