उत्तर पतीने दिले

बायकोच्या वतीने बोलण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. हॉटेलात वेटर तिच्याकडे वळला की ‘ती पनीरच घेते’ हे मी सांगायचो. घसा तिचा दुखायचा आणि फॅमिली डॉक्टरसमोर ‘आ’ मी करायचो. डच भाषेची परीक्षा पास झालो होतो (तिसऱ्या खेपेला, पण झालो), त्यामुळे बायको, शाळकरी मुलगी आणि मी अशा आमच्या घराचा अधिकृत प्रवक्ता मीच, असा माझा समज होता.

इथे आरोग्य विमा प्रत्येकाला घ्यावाच लागतो, आणि वर्ष संपता संपता तो बदलता येतो. नोव्हेंबर आला की आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फराळाचे फोटो थांबतात आणि पॉलिसींवरून जुंपते. गेल्या वर्षी मी सगळ्या पॉलिसींची एक्सेल शीट केली. चौदा रकाने, तेही रंगीत. ती मलाच कळेना, तेव्हा ब्रेडा शहरातल्या एका विमा सल्लागार बाईंची वेळ घेतली. बाई स्वतंत्र, कुठल्याही एका कंपनीला बांधलेल्या नाहीत. शीट छापून बरोबर नेली.

“सल्ला घ्यायला चाललोय की शाबासकी?” सायकलला कुलूप लावता लावता बायकोने विचारलं.

बाईंनी शीट न वाचताच बाजूला ठेवली. चहाबरोबर एकेक बिस्किट दिलं, डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, “पुढच्या वर्षी तुम्हाला कोणते उपचार लागतील असं वाटतं?”

आता असं कुणी विचारतं का? पुढच्या वर्षीच्या आजाराचं नाव काढलं असतं तर माझ्या आईने तिथल्या तिथे माझी दृष्ट काढली असती. मी म्हटलं, “काही नाही. एकदम ठणठणीत.”

बाईंनी खुर्ची वळवली आणि बायकोला विचारलं, “आणि तुम्हाला?”

बायकोने चष्मा काढला. महत्त्वाचं काही बोलायच्या आधी ती चष्मा काढायची. “मला वाटतं...”

“हिला? हिला साधी सर्दी होत नाही,” मी म्हटलं. “आमच्याकडे आजारी पडायचा मान माझा आहे.”

बाई हसल्या नाहीत. बायको हसली, तिने चष्मा परत लावला. बाईंनी संगणकात काहीतरी टाइप केलं.

मी सगळ्यात स्वस्त पॉलिसी निवडली, दोघांनाही. तिच्यात मोजकीच हॉस्पिटलं होती, आमच्या घराजवळचं नव्हतं. हे बाईंनी दोनदा सांगितलं. “लागतंय कुणाला?” मी म्हटलं. संध्याकाळी माझ्या चातुर्याची हकिकत ग्रुपवर टाकली. भरपूर अंगठे आले.

जानेवारीच्या अखेरीला बायको एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली. फेब्रुवारीत तिच्या छातीतल्या गाठीचं निदान झालं, कॅन्सर.

घराजवळचं हॉस्पिटल सायकलने आठ मिनिटांवर आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचे वरचे दोन मजले दिसतात. आमच्या पॉलिसीतलं हॉस्पिटल म्हणजे एक ट्रेन, मग दुसरी ट्रेन, मग बस. वर्षाच्या मध्ये पॉलिसी बदलता येत नव्हती, आणि जवळच्या ठिकाणी वरचा फरक स्वतः भरणं झेपणारं नव्हतं. मी बाईंना फोन केला, विनवण्या केल्या. त्या म्हणाल्या, “मला फार वाईट वाटतं.” त्यांना खरंच वाटत होतं, म्हणून आणखीच लाज वाटली.

परतीच्या ट्रेनमध्ये बायको खिडकीला डोकं टेकून बसायची. मांडीवर उलटीसाठी पिशवी. गाडी बदलताना फलाटावर असा वारा असायचा की मी तिच्यापुढे आडवा उभा राहायचो. तेवढा एक उपयोग.

एकदा डोळे मिटूनच ती म्हणाली, “गाठ मला तेव्हाच लागली होती रे. चकल्या करताना, काखेपाशी.”

“मग बाईंकडे बोलली का नाहीस?”

“तू मध्ये श्वास घेतलास का?”

मी तिच्या मांडीवरची पिशवी उगाच सरळ केली.

“जवळचं हॉस्पिटल यात आहे का, एवढंच विचारायचं होतं. नंतर म्हटलं, असेल साधीच गाठ. आणि तू ग्रुपवर केवढा खूश होतास.” थोड्या वेळाने एक डोळा उघडून म्हणाली, “एक मात्र बरंय. उत्तरं तू देतोस, पण सुया मलाच टोचतात. नाहीतर त्याही तूच घेतल्या असत्यास.”

मी हसलो. तिने हसवलं की हसायचं, एवढंच मला येत होतं.

ऑगस्टमध्ये ती गेली.

या नोव्हेंबरात पुन्हा बाईंकडे गेलो, मुलीला घेऊन. ती डिसेंबरात अठराची होईल. इथे अठराव्या वर्षी स्वतःची पॉलिसी लागते, आईबापांच्या विम्यात भागत नाही. बाईंनी आमची जुनी फाइल उघडली. संगणकाचा पडदा माझ्याकडे तिरका होता. माझ्या नावापुढे ‘अपेक्षित उपचार: काही नाही’. बायकोच्या नावापुढेही तेच, आणि पुढे कंसात डचमध्ये ‘उत्तर पतीने दिले’. तिसऱ्या खेपेला पास झालेल्याला कळण्याइतकं ते सोपं होतं.

बाईंनी ती फाइल घाईने बंद केली. मला काही विचारलं नाही. बिस्किटं दिली, या वेळी डबा उघडाच ठेवला, आणि मुलीकडे वळल्या. “पुढच्या वर्षी तुला कोणते उपचार लागतील असं वाटतं?”

माझं तोंड उघडलं. ‘हिला काय होणार, कोवळी पोर’, वाक्य दातांपर्यंत आलं होतं. मी अख्खं बिस्किट तोंडात कोंबलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबली असावी. मग बाईंना इंग्रजीत म्हणाली, “मम्मा गेल्यापासून मला झोप येत नाही. कुणाशी तरी बोलायचंय. डॉक्टरकडे वगैरे.”

भिंतीपलीकडच्या खोलीत ती जागी असते, हे मला माहीत नव्हतं. मी तिला रोज ‘गुड नाइट’ म्हणत होतो आणि तिच्या वतीने स्वतःलाच सांगत होतो, पोरगी सावरली.

“जवळपास कुणी असेल का?” तिने विचारलं. “सायकलने जाता येईल असं.”

बाई म्हणाल्या, “बघूया.” मग तिला आणखी विचारत गेल्या, ती सांगत गेली. तोंडातलं बिस्किट भिजून लगदा झालं तरी मी ते गिळलं नाही.