शेड नंबर चारचं कुलूप

पलटणीतून सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि खांदेश्वरला राहू लागलो. तळोज्यातल्या एका केमिकल कंपनीत सिक्युरिटी ऑफिसरची नोकरी मिळाली. माझ्याच प्लाटूनमधला नाईक संभाजी धुमाळ, साताऱ्याकडचा, त्यालाही मागच्या गेटवर लावून घेतलं. ड्यूटी साधी होती. गाड्या तपासायच्या, पास बघायचे, राउंड मारायचे.

नव्या प्लांटच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. आदल्या दिवशी प्लांट मॅनेजरांनी ब्रीफिंग घेतलं. मागच्या वेळी एका कंत्राटी बाईने पाहुण्यांसमोर मास्क मिळत नसल्याचं सांगितलं होतं. तसं पुन्हा नको. कार्यक्रम संपेपर्यंत सगळे कंत्राटी कामगार शेड नंबर चारमध्ये बसतील, बाहेरून कुलूप. मी विचारलं, आत काही झालं तर? थोड्या वेळाचा प्रश्न आहे, म्हणाले. किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवली.

दुसऱ्या दिवशी भाषणं चालू असताना वॉकीटॉकीवर धुमाळ आला.

"साहेब, ड्रम यार्डातनं पिवळा धूर निघतोय. वारा शेडकडं हाय. आतली माणसं दार बडवत्यात."

मी मॅनेजरांना स्टेजमागे गाठलं. किल्ली मागितली, सायरन वाजवा म्हणालो.

"आत्ता सायरन नाही. मंत्री बोलतायत. दहा मिनिटं थांबा."

"सर, आत माणसं आहेत."

"मॅनपॉवर काँट्रॅक्टरची आहे, सुभेदार. तो बघेल."

मी शेडकडे धावलो. धावतानाच सेटवर हुकूम दिला, "धुमाळ, कुलूप तोड."

"तोडतो, साहेब."

आग विझवायच्या सिलिंडरने त्याने कडी तोडली. मी पोहोचलो तेव्हा माणसं खोकत, एकमेकांना धरून बाहेर येत होती. मी त्यांना धुरापासून लांब नेऊ लागलो. कुणीतरी सांगितलं, ललिता आणि सुनंदा आतच पडल्यात. धुमाळने रुमाल भिजवून तोंडाला बांधला आणि आत गेला. मंडपातून टाळ्या ऐकू आल्या.

फायर ब्रिगेडने तिघांनाही बाहेर काढलं. कुणीच जिवंत नव्हतं. सुनंदाला धुमाळने दारापर्यंत ओढत आणलं होतं.

दोन दिवसांनी काँट्रॅक्टरने तेवढीच नवी माणसं आणली. हुकूम मोडला म्हणून माझी नोकरी गेली. पोलिसांत जबाब दिला, त्याचं पुढे काही झालं नाही. पाहुणे आले की आजही शेडला कुलूप लागतं, असं तिथले कामगार सांगतात.

धुमाळला गावी नेलं. बिगुल नव्हता. पलटणीतले आम्ही मोजकेच होतो. त्याच्या बायकोने विचारलं, "भावजी, आत जायाचा हुकूम कुणाचा हुता?"

"कुलूप तोडायचा माझा. आत तो स्वतःहून गेला."

ती म्हणाली, "म्हंजी त्यास्नी कुणी ढकललं न्हाई."

"नाही," मी म्हणालो.

त्या दोघींची आडनावं कंपनीच्या ऑफिसात कुणालाच सांगता आली नव्हती. मी हॉस्पिटलात त्यांच्या माणसांना विचारून घेतली. ललिता राठोड. सुनंदा साबळे. आणि नाईक संभाजी धुमाळ.